वडील शुगरच्या गोळ्या घेतात. सोबत कारल्याचा रस आणि गुळवेल चालेल का?

गोळ्या बंद न करता चालेल, पण जपून. कारल्याची भाजी खुशाल खाऊ द्या. रोज पेलाभर रस ही वेगळी गोष्ट. गोळी ग्लिमेपिराइड असेल तर दोन्ही मिळून साखर 70 च्या खाली उतरू शकते. दरदरून घाम सुटला, हात थरथरले की लगेच तीन चमचे साखर पाण्यात घालून द्या. नुसती मेटफॉर्मिन असेल तर हा धोका बराच कमी.

गुळवेलीचं म्हणाल तर कोरोनाकाळात ती घेणाऱ्या काहींच्या यकृताला इजा झाल्याचं मुंबईच्या डॉक्टरांनी 2021 मध्ये नोंदवलं; आयुष मंत्रालयाला ते पटलं नाही. मी तरी आधी एसजीपीटी, म्हणजे यकृताची रक्ततपासणी, करून घेईन. आणि वैद्यांना गोळ्यांची चिठ्ठी दाखवा, डॉक्टरांना काढ्याची बाटली. बिनलेबलची ‘शंभर टक्के हर्बल’ पुडी नकोच, तिच्यात कधीकधी ॲलोपॅथीचंच औषध कुटून घातलेलं निघतं.