लाळेतलं औषध मोजताना

नागपूर

प्रिय बाळ,
अनेक आशीर्वाद.

लाळेतलं औषध मोजणाऱ्या स्ट्रिपचे तुझे आलेख पाहिले. स्ट्रिपच्या कार्बन इलेक्ट्रोडवरचं व्होल्टेज वाढवत नेलं की औषध ऑक्सिडाइझ होतं, म्हणजे इलेक्ट्रॉन सोडतं, आणि आलेखात विद्युतप्रवाहाचं शिखर उठतं. कृत्रिम लाळेत पॅरासिटामॉलचं शिखर अगदी सुरेख आलंय. पण आता बाटलीतल्या लाळेवर फार दिवस घालवू नकोस. मेडिकल कॉलेजच्या ओपीडीसमोर रांगेत बसलेल्या माणसाच्या तोंडात क्षार आणि म्युसिन या चिकट प्रथिनाखेरीज बरंच काही असतं.

खर्र्याचंच बघ, म्हणजे सुपारी, तंबाखू आणि चुन्याच्या मिश्रणाचं. सुपारीतली टॅनिन आणि कॅटेचिन कार्बन इलेक्ट्रोडवर सहज ऑक्सिडाइझ होतात. शिवाय चुन्यामुळे लाळेचा पीएच चढतो. पॅरासिटामॉल दोन इलेक्ट्रॉनांबरोबर दोन प्रोटॉनही सोडतं, म्हणून पीएच एकाने वाढला की शिखर साधारण ५९ मिलिव्होल्टने कमी व्होल्टेजकडे सरकतं. म्हणजे औषध तेवढंच, पण त्याची जागा बदललेली, आणि आसपास सुपारीची गर्दी. संत्री खाऊन आलेल्याचं ॲस्कॉर्बिक आम्ल, म्हणजे क जीवनसत्त्व, वेगळंच; तेही असंच ऑक्सिडाइझ होतं. तसंच ऑक्सिडाइझ होणारं युरिक आम्ल तर प्रत्येकाच्याच लाळेत असतं. म्हणून चूळ भरायला लावून थोडं थांब, प्रत्येक नमुन्याचा पीएच लिही, आणि बफरच्या, म्हणजे ठरलेल्या पीएचच्या स्वच्छ द्रावणाच्या, आलेखावरून लाळेतलं प्रमाण काढू नकोस. त्याच नमुन्यात माहीत असलेलं औषध थोडंथोडं घालत जा आणि शिखर किती वाढतं त्यावरून हिशेब कर.

एकाच स्ट्रिपवर एकाच लाळेचे लागोपाठ पाच स्कॅन घेऊन बघ. इलेक्ट्रोडला प्रथिनं चिकटत जातात, शिखराची उंची घटत जाते. हे डोळ्यांनी पाहिलंस की प्रत्येक नमुन्याला नवी स्ट्रिप का, ते कुणी सांगावं लागणार नाही.

हा सगळा खटाटोप मला मोलाचा वाटतो तो फिट्सच्या रुग्णांसाठी. फेनिटॉइन हे फिट्सवरचं औषध रक्तात सुमारे ९० टक्के प्रथिनांना बांधलेलं असतं. लाळेत उतरतं ते मोकळं औषध, आणि काम करतं तेही तेच. अल्ब्युमिन हे रक्तातलं प्रथिन घटलेल्या रुग्णात रक्तातला एकूण आकडा ठीक दिसतो, तरी मोकळं औषध जास्त असू शकतं. लहान मुलाला सुई न टोचता हे कळलं तर किती बरं! फेनिटॉइन मात्र पॅरासिटामॉलइतकं सहज ऑक्सिडाइझ होत नाही, तेव्हा आधी पॅरासिटामॉलवर हात बसू दे.

नमुना पुढच्या डोसच्या आधी घे. गोळी किंवा सिरप नुकतंच घेतलेलं असेल तर तोंडात राहिलेलं औषधच मोजशील. एथिक्स समितीचा अर्ज याच आठवड्यात टाक, आणि नमुन्याच्या फॉर्मवर खर्रा, तंबाखू, चहा यांचे रकाने वेगवेगळे ठेव.

तुझे,
सर