व्हायोलिन येतं, कोंकणी येत नाही. गोव्यातल्या चर्चला माझा काय उपयोग?

तुम्ही लिहिलंय की बदलीवर नगरहून बार्देशात आला आहात, दोन-तीन वर्षांनी परत जाल. कॉयरमध्ये, म्हणजे चर्चच्या गायक-वादकांच्या संचात, जावं तर सगळी गायनं कोंकणी, आणि एवढ्या थोड्या दिवसांत सेवा ती काय होणार?

मीही मराठी घरातला ख्रिस्ती, म्हापशाला स्थायिक झालोय आणि कॉयरमध्ये वाजवतो. थोडेच दिवस आहात म्हणूनच सांगतो, आल्या आल्या दोन-तीन मुलं शिकवायला घ्या.

गोव्यात हे नवं नाही. पोर्तुगीज काळात चर्चला जोडलेल्या शाळा होत्या, तिथे मेस्त, म्हणजे संगीत शिकवणारे गुरुजी, मुलांना स्वरलिपी आणि व्हायोलिन शिकवायचे. हेतू एवढाच, की मिस्साला (चर्चमधल्या मुख्य उपासनेला) आणि सणाला गाणारे-वाजवणारे गावातच तयार व्हावेत. त्यातले कितीतरी पुढे मुंबईला जाऊन हिंदी सिनेमाच्या वाद्यवृंदात बसले. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस (1927–2012) घ्या. वडील चर्चचे कॉयरमास्टर, त्यांच्याच हाताखाली पोरगा शिकला, आणि पुढे या अँथनींकडे लक्ष्मीकांत-प्यारेलाल जोडीतले प्यारेलाल व्हायोलिन शिकले. एका गावच्या चर्चमधली विद्या कुठवर गेली बघा! बायबलमध्ये पेत्राच्या पहिल्या पत्रात कृपादानाचे, म्हणजे देवानं दिलेल्या देणगीचे, कारभारी व्हा असं म्हटलंय, त्याचा अर्थ मला अशा माणसांकडे पाहून कळतो.

आता असा मेस्त गावोगावी मिळत नाही. जुन्या घरांत मात्र आजोबांचं व्हायोलिन कपाटावर पडलेलं असतं; तारा तुटलेल्या, घोडी हरवलेली. ते वाजतं करून त्याच घरातल्या नातवाच्या हातात देणं हे मला फार मोलाचं काम वाटतं. धर्मशिक्षणाचा वर्ग सुटल्यावर अर्धा तास मिळाला तरी पुरे.

स्वतः कॉयरमध्ये बसाल तेव्हा सुरुवातीला दुसऱ्या व्हायोलिनला, म्हणजे साथीच्या भागाला, बसा. आपली कला दाखवायची घाई नको, इथल्या लोकांची लय आधी कानात बसू द्या. कोंकणीची भीती बाळगू नका. गायनांची पुस्तकं रोमन लिपीत असतात आणि त्यांत ‘श’साठी एक्स वापरतात, एवढं कळलं की मराठी माणसाला निम्मं तिथेच उलगडतं. मे महिन्यात वाड्यावाड्यांतल्या खुरसांपाशी (क्रुसांपाशी) लादीन, म्हणजे सगळ्यांनी मिळून गायची प्रार्थना, होते. दोन व्हायोलिनं असली तरी गाणं उभं राहतं, आणि शेजारपाजारची हिंदू मंडळीही येतात. तिकडे नक्की जा.

एक गोष्ट तुम्ही स्वतःकडे धरलेलीच नाही, ती म्हणजे तुमची मराठी. बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजात सिंधुदुर्गातून पुष्कळ रुग्ण येतात. कुठला कागद कुठल्या खिडकीवर, हे त्यांच्या नातेवाइकांना आपल्या भाषेत समजावून सांगणारं कुणी भेटलं तर त्यांना केवढा धीर येतो. चर्चमधली कुणी मंडळी आजाऱ्यांना भेटायला जात असतील तर त्यांच्याबरोबर जा.

रविवारी मिस्सा संपल्यावर फादरना भेटा आणि कुठे अडलंय ते आधी विचारा. ईस्टरआधीच्या उपवासकाळात इथे मोटेट, म्हणजे ख्रिस्ताच्या दुःखसहनाची भक्तिगीतं, गातात, त्यांना व्हायोलिन, क्लॅरिनेट, डबल बास लागतात आणि सराव बराच आधी सुरू होतो. तेव्हा नाव आत्ताच देऊन ठेवा.