कोरोलाला क्विक-रिलीज ऑइल ड्रेन व्हॉल्व्ह बसवावा का? चालत्या गाडीत तो आपोआप उघडतो का?

नाही उघडत. हा म्हणजे इंजिनाचं जुनं ऑइल काढायच्या बोल्टच्या जागी कायमचा बसणारा छोटा नळ. ही भीती तुमच्या डोक्यात कुणी घातली ते माहीत नाही, पण शब्द इतके ओळखीचे आहेत की आमच्या साडूंनी तर नाही ना, अशी शंका आली.

मी डेट्रॉइटजवळ नोव्हायला राहतो. २०१०ची होंडा सीआर-व्ही, २.४ लिटरचं इंजिन. २०१६ उजाडेपर्यंत मीही दहा मिनिटांत ऑइल बदलून देणाऱ्या दुकानात जायचो. कॉफी फुकट, गाडीतून उतरायचंही काम नाही. त्या जानेवारीत गॅरेजच्या फरशीवर रुपयाएवढा डाग दिसला. दुसऱ्या दिवशी पुरीएवढा. खाली बॅटरी मारून बघितलं तर ड्रेन बोल्टच्या कडेने थेंब ओघळतोय. १७ नंबरचा पाना लावून जरा आवळावं म्हटलं, तर बोल्ट नुसता फिरतोय. धरतच नाही. आटे गेले होते.

होंडाचा ऑइल पॅन, म्हणजे इंजिनाच्या तळाचं ऑइलचं भांडं, ॲल्युमिनियमचा आणि बोल्ट पोलादी, त्यामुळे मार कुणी खायचा हे ठरलेलंच. कंपनी आवळायचा जोर सांगते ३९ न्यूटन-मीटर, म्हणजे बेताच्या पान्याने नीट ओढलं की झालं, लोंबकळायचं नसतं. दुकानातल्या पोराने बहुधा वाकडा चढवून वर बोल्ट आवळायची हवेची गन मारली. बहुधा, कारण मॅनेजरने सरळ कानावर हात ठेवले. म्हणे पॅन आधीपासूनच खराब असणार. अहो, आधीच्या सहा वेळांनाही तुम्हीच होतात की! शेवटी एका गॅरेजवाल्याने भोक मोठं करून हेलिकॉइल, म्हणजे नवे आटे देणारी तारेची गुंडाळी, बसवून दिली. १८० डॉलर. मरणाच्या थंडीत टो ट्रकची वाट बघितली ती वेगळीच.

त्याच वसंतात व्हॉल्व्ह लावला. आणि म्हणून सांगतो, ‘क्विक’ या शब्दाला भुलून घेऊ नका. वेळ वाचत नाही. व्हॉल्व्हचं भोक बोल्टच्या भोकापेक्षा बारीक असतं. बोल्ट काढला की ऑइल भसकन येतं, इथे धार लागते आणि ती बघत बसावं लागतं. इंजिन कोमट असताना काढा, नाहीतर आमच्याकडच्या थंडीत संध्याकाळ होईल. शिवाय फिल्टरसाठी गाडीखाली जायचंच असतं, ते काही चुकत नाही. खरा फायदा एकच. तो एकदा बसवला की त्या मऊ ॲल्युमिनियमच्या आट्यांना पुन्हा हात लागत नाही. माझाही नाही, गनवाल्या पोराचाही नाही. बाकी दरवेळचा नवा वॉशर, बोल्ट निसटून ट्रेमध्ये बुडणं, कोपरापर्यंत काळं ऑइल हे वाचतं ते वरकड.

माझा व्हॉल्व्ह जपानच्या फुमोटोचा आहे. पितळी अंग, आत बॉल व्हॉल्व्ह. बाहेरची दांडी स्प्रिंगच्या दाबाने खाचेत बसलेली असते. आधी ती खाचेतून सोडवायची, मग पाव फेरा फिरवायची. अशा दोन वेगळ्या हालचाली ओळीने करणारा दगड मला अजून भेटलेला नाही. तरी झोप येत नसेल तर दांडीवर अडकवायची क्लिप मिळते. मी लावतो. जर्मनीच्या स्टालबसला तर दांडीच नसते, टोपी काढून पाइपचा जोड चढवला की आतली झडप उघडते.

हे सगळं मी साडूंना पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. ते मेकॅनिकल इंजिनिअर, वयाने मोठे, आणि पंचवीस वर्षं ब्रेकच्या सुट्या भागांत काढलेली, त्यामुळे माझं ऐकून घेण्याची पद्धत नाही. “गाडीला नळ बसवलास?” एवढंच म्हणाले. मग एकामागून एक सुरू झालं. आय-९६ हायवेवर खडा लागून नळ उघडेल आणि इंजिन बसेल. वॉरंटी जाईल. तळाचा गाळ निघणार नाही.

वॉरंटीचं सांगतो. अमेरिकेत १९७५चा मॅग्नसन-मॉस कायदा आहे. बाहेरचा भाग लावलात एवढ्याच कारणावरून कंपनी वॉरंटी नाकारू शकत नाही, बिघाड त्या भागामुळेच झाला हे तिला दाखवावं लागतं. आणि माझी गाडी तेव्हा सहा वर्षांची होती, कसली वॉरंटी? गाळाचं म्हणाल तर व्हॉल्व्हचे आटे आत किंचित वर येतात, त्यामुळे तळाशी थोडं जुनं ऑइल राहतं हे खरं. पण बोल्ट काढला तरी इंजिनात कुठे कुठे ऑइल चिकटून राहतंच. ४.२ लिटर नव्या ऑइलमध्ये त्या घोटभराने काय बिघडतं? वेळेवर बदला म्हणजे झालं.

आता २०१८चा प्रकार. लपवून उपयोग नाही, इथल्या निम्म्या मराठी मंडळींना तो पाठ आहे. रविवारची दुपार, साडू चहाला आलेले, कप घेऊन ड्राइव्हवेवर उभे. मी जुनं ऑइल ट्रेमध्ये काढलं, फिल्टर बदलला, नरसाळं लावलं आणि गप्पा मारत नवं ऑइल ओतायला लागलो. निम्मं ओतून झालं तेव्हा साडू शांतपणे म्हणाले, “खालून काहीतरी वाहतंय बघ.” व्हॉल्व्ह उघडाच. ट्रे आधीच भरलेला, तो ओसंडून वीस डॉलरचं सिंथेटिक ड्राइव्हवेवर. मांजर नसलेल्या घरात मांजराच्या वाळूच्या दोन पिशव्या आणून पसरल्या. डाग अजून आहे. तेव्हापासून गणपतीत आरती झाली की प्रसादाआधी हा किस्सा होतो, आणि माझं नाव नळवाले.

त्यांचं म्हणणं, बोल्ट असता तर हातात दिसला असता, विसरला नसता. यात तथ्य आहे, नाही म्हणत नाही. पण बोल्ट हाताने अडकवून आवळायचे विसरणारेही पुष्कळ आहेत, आणि त्यांना ते ड्राइव्हवेवर नाही, हायवेवर कळतं. मी तेव्हापासून एक करतो. व्हॉल्व्ह उघडला की ती क्लिप नरसाळ्यात टाकतो. ओतायच्या आधी ती उचलावीच लागते, आणि ती हातात आली की जाते कुठे, तर व्हॉल्व्हवर. त्यानंतर एक थेंब सांडलेला नाही. हा भाग मात्र गणपतीत कुणी सांगत नाही.

तुमच्या कोरोलाचं राहिलंच. टोयोटाचा आटा साधारण एम१२×१.२५ असतो, म्हणजे १२ मिलिमीटर व्यास आणि आट्यांत १.२५ मिलिमीटर अंतर, त्याला फुमोटोचं मॉडेल एफ-१०३. होंडाचा एम१४×१.५, म्हणजे एफ-१०६. तरी ऑर्डर करण्याआधी वर्ष आणि इंजिन तपासा. नळी लावायची टोटी असलेला घेतलात तर ऑइल थेट रिकाम्या कॅनमध्ये जातं, तोच कॅन उचलून ऑटोझोन या सुट्या भागांच्या दुकानात फुकट देऊन यायचा. पण टोटी खाली जास्त लोंबते. पॅनच्या सगळ्यात खालच्या पातळीच्या खाली काहीही येत असेल तर आखूड टोटीचा किंवा बिनटोटीचा घ्या. गाडी फार खाली बसणारी असेल, किंवा तुम्ही भारतात स्पीडब्रेकरवर पोट घासत असाल, तर बोल्टच बरा. खाली प्लॅस्टिकचं कव्हर असेल तर दांडीपर्यंत हात पोचतो का तेही बघा. बसवताना हाताने चढवा, जोर लागला तर थांबा, आणि वर्षातून एकदा ओल आहे का ते बोट फिरवून पाहा. गाडी कधी सर्व्हिसला दिलीत तर आधी सांगून ठेवा, नाहीतर पोरगा आख्खा व्हॉल्व्ह पान्याने उपटायला जातो.

साडूंची टोयोटा कॅमरी आहे. गेल्या उन्हाळ्यात तिच्या ड्रेन बोल्टचं डोकं झिजून गोल झालं आणि लांब दांड्याचा पाना मागायला ते माझ्याकडे आले. मी पाना दिला. सोबत एफ-१०३ची लिंकही पाठवली. दोन निळ्या टिका आल्यात, उत्तर अजून नाही.