इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलमध्ये अ‍ॅडिटिव्ह टाकून खरंच फायदा होतो का?

होतो, पण अ‍ॅडिटिव्ह, म्हणजे इंधनात थोडंसं मिसळायचं रसायन, कशासाठी टाकताय त्यावर आहे. इथेनॉल ओल शोषून घेतं. पाणी मर्यादेबाहेर गेलं की इथेनॉल पेट्रोलला सोडून पाण्यासोबत टाकीच्या तळाशी बसतं. थोडं इंधन काचेच्या बाटलीत काढलं तर दोन थर स्पष्ट दिसतात. अ‍ॅडिटिव्हमधली आयसोब्युटेनॉलसारखी जड अल्कोहोलं हे वेगळं होणं लांबवतात, कारण त्यांचं पेट्रोल आणि पाणी दोघांशीही जमतं. गंजरोधक रसायनं धातूवर पातळ थर धरतात. माझ्या मते खरी गरज यांचीच, विशेषतः गाडी महिनोन्महिने उभी राहत असेल तर. मात्र एकदा इंधनाचे दोन थर पडले की काही ओतत बसू नका, टाकी रिकामीच करा. आणि मायलेज? इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जाच पेट्रोलपेक्षा सुमारे ३३ टक्के कमी असते. ती तूट कुठलंही अ‍ॅडिटिव्ह भरून काढत नाही.