लांडगा नव्हे, मेंढ्यांचा राखणदार

प्रश्न : जर्मन शेफर्डचं पिल्लू घ्यायचं ठरवलंय. विकणारा म्हणतो, या जातीत लांडग्याचं रक्त आहे, म्हणूनच ती एवढी हुशार. खरं आहे का? आणि अल्सेशियन ही वेगळी जात आहे का?

उत्तर : माझी पहिली कुत्री घेतली तेव्हा मलाही हेच ऐकवलं होतं आणि पुढे कित्येक महिने मी ते पाहुण्यांना ऐटीत सांगत असे. ढग गडगडले की आमची ही लांडगीण पलंगाखाली!

या जातीची वंशावळ मेंढवाड्यात सुरू होते. जर्मन घोडदळातला कॅप्टन माक्स फॉन स्टेफानिट्झ याने एप्रिल १८९९ मध्ये जर्मनीतल्या कार्ल्सरूहच्या कुत्र्यांच्या प्रदर्शनात हेक्टर नावाचा कुत्रा पाहिला आणि तिथेच विकत घेतला. त्याचं नाव बदलून होरांड फॉन ग्राफराथ ठेवलं. त्याच महिन्यात या जातीसाठी संघटना काढली आणि नोंदवहीत पहिला क्रमांक होरांडला दिला. जर्मनीच्या थुरिंगिया भागातले मेंढ्यांचे कुत्रे उभ्या कानांचे, करड्या रंगाचे. तिथल्याच व्युर्टेंबर्ग भागातले अंगापिंडाने मोठे. या दोन्हींचा मेळ पुढच्या पिढ्यांत घातला गेला.

त्यांचं काम मात्र भारी होतं. शेताला कुंपण नाही; एका बाजूला उभं पीक, दुसऱ्या बाजूला चरणाऱ्या मेंढ्या. मधल्या सरीतून कुत्रा दिवसभर येरझाऱ्या घालायचा, म्हणजे कुंपण तोच. आमची कुत्री अंगणात खेळणाऱ्या मुलांभोवती फेऱ्या मारत राहायची. मला वाटायचं खेळतेय. ती आपलं काम करत होती!

लांडग्याशी खरोखर संकर झाला तो नंतर. नेदरलँड्समध्ये सारलोस नावाच्या पैदासकाराने जर्मन शेफर्ड आणि लांडगा यांच्यापासून नवी जात काढली. कुत्री निघाली बुजरी, अनोळखी माणसापासून लांब राहणारी. हुशारीसाठी लांडगा हवा, हे म्हणणं तिथेच निकालात निघतं.

अल्सेशियन म्हणजे हाच कुत्रा. पहिल्या महायुद्धानंतर इंग्रजांना ‘जर्मन’ हा शब्द नकोसा झाला, म्हणून फ्रान्स-जर्मनीच्या सीमेवरच्या अल्सास प्रांताचं नाव लावलं. काही काळ त्यापुढे ‘वुल्फ डॉग’ही जोडलेलं होतं, लांडग्याच्या गप्पांना त्यानेच खतपाणी मिळालं असावं. कुत्र्यांच्या जातींची नोंद ठेवणाऱ्या ब्रिटिश केनेल क्लबने मूळ नाव परत लावू दिलं ते १९७७ साली.

विकणाऱ्याला लांडग्याचं राहू द्या, पिल्लाच्या आईबापांच्या खुब्यांचे एक्स-रे मागा. खुब्याचा सांधा सैल असणं हे या जातीचं जुनं दुखणं, आणि ते वारशाने येतं. आमची कुत्री नवव्या वर्षी जिना चढेनाशी झाली होती.