वाचकांचे प्रश्न : आकाशातून दिसणारे तेल

प्रश्न : मागील अंकात आपण एका तेलशुद्धीकरण कारखान्याचे विमानातून घेतलेले पानभर छायाचित्र छापले होते. त्यावरून आमच्या घरात वाद झाला. वडिलांच्या मते असे कारखाने हीच देशाची खरी ताकद, तर धाकटी बहीण म्हणते की तेलावाचून आपले पाऊल पुढे पडत नाही, याचाच तो ढळढळीत पुरावा. एकाच छायाचित्रातून दोन उलट निष्कर्ष निघत असतील, तर त्यातून नेमके काय सिद्ध होते?

उत्तर : दोघांनीही पाहिला तो कारखान्याचा आकार, आणि नुसत्या आकारातून ज्याला जे हवे ते काढता येते. उंचीवरून माणसे दिसेनाशी होतात, वास आणि आवाज पोचत नाहीत. उरतात त्या टाक्यांच्या गोल रांगा आणि नळांची जाळी, आणि त्या देखण्याच वाटतात. कॅनडाचे छायाचित्रकार एडवर्ड बर्टिन्स्की यांनी १९९७ ते २००९ या काळात तेलक्षेत्रे, शुद्धीकरण कारखाने, महामार्ग आणि भंगारातली वाहने टिपली, त्यांतली कित्येक उंचीवरून. त्यांची छायाचित्रे थेट निकाल देत नाहीत, हेच त्यांचे बळ मानले जाते. कलादालनात ते शोभते. मासिकाने मात्र असे छायाचित्र दोन ओळींच्या टिपणाशिवाय छापू नये, आणि मागील अंकात ती चूक आमच्याकडून झाली.

म्हणून ते छायाचित्र कसे वाचायचे, हे आता सांगतो. त्याच्या उजव्या कोपऱ्यातला पिवळाधमक ढीग गंधकाचा आहे. कच्च्या तेलात गंधक जितके जास्त, तितके ते शुद्धीकरणात अधिक बाहेर काढावे लागते. बरेच कारखाने ते वितळलेल्या अवस्थेतच रवाना करतात, त्यामुळे ढीग नसला म्हणजे गंधक नाही असे नव्हे. पण ढीग असला तर तेल बहुधा गंधकयुक्त आहे असे समजावे. शेजारचा काळा ढीग पेट्रोलियम कोकचा, म्हणजे जड तेलाचा गाळ तापवल्यावर उरणाऱ्या कोळशासारख्या घन पदार्थाचा. त्याच्यामागे जोडीजोडीने उभी असलेली उंच पिंपे आणि त्यांच्या माथ्यावरचे, विहीर खोदण्याच्या मनोऱ्यासारखे सांगाडे दिसतात. पिंपात साचून कडक झालेला कोक अतिशय दाबाच्या पाण्याने कापून काढावा लागतो, त्या अवजारांसाठी ते सांगाडे असतात. एवढी यंत्रणा कोणी हलक्या, म्हणजे पातळ तेलासाठी उभारत नाही. हा कारखाना जड, गंधकयुक्त तेलासाठी बांधलेला आहे, आणि ते तेल जिथून येते त्या खाणीशी किंवा विहिरीशी तो कित्येक वर्षांसाठी बांधला गेला आहे.

तुमच्या घरातल्या वादात निसटलेला मुद्दा हाच आहे. अवलंबित्व ‘तेलावर’ असते असे आपण मोघम म्हणतो. प्रत्यक्षात ते विशिष्ट प्रतीच्या तेलावर आणि विशिष्ट वाटेवर असते. अमेरिका २०१८ पासून कच्च्या तेलाचा जगातला सर्वांत मोठा उत्पादक देश आहे, तरीही ती कॅनडाकडून मोठ्या प्रमाणावर जड तेल विकत घेते, कारण तिच्या मेक्सिकोच्या आखाताच्या किनाऱ्यावरचे आणि मध्य भागातले अनेक कारखाने जड तेलासाठीच सज्ज केलेले आहेत, तर तिथल्या शेल खडकांतून निघणारे तेल हलके असते. दुसरे उदाहरण जर्मनीतल्या श्वेट शहराचे. पोलंडच्या सीमेजवळचा तिथला कारखाना १९६० च्या दशकात सोव्हिएत संघातून येणाऱ्या ‘द्रुझ्बा’ नळवाहिनीच्या टोकाशी उभा राहिला आणि बर्लिनच्या परिसराला बहुतांश इंधन तोच पुरवत आला. युक्रेन युद्धानंतर जर्मनीने रशियन तेल बंद केले, तेव्हा रोस्टॉक बंदराकडून येणारी जुनी नळवाहिनी त्याची पूर्ण भूक भागवण्याइतकी मोठी नव्हती, आणि पोलंडमार्गे व कझाकस्तानातून तेल मिळवण्याची धावपळ करावी लागली. या कारखान्याचे तुम्ही कितीही स्वच्छ हवाई छायाचित्र काढा, त्यात मनोरे आणि टाक्या दिसतील. सगळा प्रश्न ज्या नळाने निर्माण केला, तो जमिनीखाली आहे.

वडिलांना सांगा की ताकद आहे, पण ती कोणाच्या तरी तेलावर चालते. बहिणीला सांगा की तिचा पुरावा खरा आहे, पण तो या पानावर नाही.

प्रश्न : कारखान्यावरून विमान नेऊन असे छायाचित्र घेणे कायदेशीर आहे का?

उत्तर : उत्तर देशागणिक बदलते. अमेरिकेतले दोन निकाल मात्र सांगण्यासारखे आहेत. १९६९ मध्ये टेक्सासमधील बोमाँट येथे ड्यूपाँट कंपनीचा मिथेनॉलचा कारखाना बांधून होत असताना दोन छायाचित्रकारांनी वरून विमान नेऊन त्याची छायाचित्रे घेतली, आणि ती कोणासाठी घेतली हे सांगण्यास नकार दिला. अजून छप्पर न पडल्याने गुप्त प्रक्रियेची मांडणी वरून दिसत होती. आकाश सर्वांना खुले असले, तरी बांधकाम चालू असताना कंपनीने केवळ हेरगिरीच्या भीतीने त्यावर आच्छादन घालावे अशी अपेक्षा करता येणार नाही, असे अपील न्यायालयाने १९७० मध्ये म्हटले आणि ही गैरमार्गाने मिळवलेली माहिती ठरवली. याउलट मिशिगनमधल्या डाऊ केमिकलच्या कारखान्यात सरकारी पर्यावरण संस्थेला पुन्हा तपासणीसाठी प्रवेश नाकारला गेला, तेव्हा तिने १,२०० ते १२,००० फूट उंचीवरून छायाचित्रे घेतली. ती वैध असल्याचा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९८६ मध्ये पाच विरुद्ध चार मतांनी दिला. म्हणजे स्पर्धकाला जे निषिद्ध, ते तपासणी करणाऱ्या सरकारला मुभा. मला हा भेद योग्य वाटतो, पण चार न्यायमूर्तींना निकाल पटला नव्हता, हेही नोंदवतो.

प्रश्न : उपग्रहाच्या छायाचित्रांवरून एखाद्या देशाकडे किती तेल शिल्लक आहे हे सांगता येते, असे ऐकले. टाकीच्या आतले वरून कसे दिसेल?

उत्तर : आतले दिसत नाही, सावली दिसते. कच्चे तेल बाष्परूपाने उडून जाऊ नये आणि आगीचा धोका कमी व्हावा म्हणून मोठ्या टाक्यांना बहुधा तरंगते छप्पर असते. ते तेलाच्या पृष्ठभागावरच टेकलेले असते. तेल उतरले की तेही उतरते, आणि टाकीच्या भिंतीची सावली त्याच्यावर पडते. बाहेर जमिनीवर पडणारी सावली टाकीच्या पूर्ण उंचीची असते, आतली सावली फक्त रिकाम्या भागाची. आतल्या सावलीच्या लांबीला बाहेरच्या सावलीच्या लांबीने भागले की टाकीचा किती भाग रिकामा आहे ते कळते, आणि दोन्ही सावल्या एकाच उन्हातल्या असल्याने सूर्य किती वर आहे याची चिंता करावी लागत नाही. ढग असतील किंवा रात्र असेल, तर रडार बसवलेले उपग्रह हेच काम वेगळ्या रीतीने करतात. बंद, घट्ट छपराच्या टाक्यांपुढे मात्र सावलीची ही युक्ती चालत नाही.

शिवाय सगळे साठे टाक्यांत नसतात. १९७३ मध्ये अरब देशांनी केलेल्या तेलबंदीनंतर अमेरिकेने उभारलेला राखीव साठा टेक्सास आणि लुइझियाना राज्यांत जमिनीखालच्या मिठाच्या थरांत कोरलेल्या पोकळ्यांमध्ये आहे; वरून पाहिले तर नळ, पंप आणि मोकळे रान एवढेच दिसते.

सावलीतून मिळालेल्या आकड्याचीही एक मर्यादा आहे. त्याच तेलबंदीनंतर १९७४ मध्ये स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेने सदस्य देशांना साठ्याचा जो नियम घालून दिला, तो पिंपांत नाही, दिवसांत आहे: निदान ९० दिवसांच्या निव्वळ आयातीइतके तेल हाताशी हवे, आणि जो देश आयातीपेक्षा निर्यात जास्त करतो त्याला हे बंधनच नाही. टाकी तेवढीच भरलेली राहिली आणि आयात निम्म्यावर आली, तर तिच्यातले दिवस दुप्पट होतात. उपग्रहाला मात्र त्या दोन्ही दिवशी सावली तितकीच लांब दिसेल.