आधी दाणे, मग धार

प्रश्न : जत्रांमधल्या दशावताराचे फोटो काढतो. रात्रीचा उजेड तुटपुंजा, त्यामुळे आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) ६४००. एडिटिंगमध्ये आधी शार्पनिंग करतो, मग नॉइज (फोटोतले दाणे) काढतो. १२ बाय १८ इंची प्रिंटमध्ये चेहरे मेणाचे वाटतात आणि संकासुराच्या काळ्या कपड्यांवर लाल-हिरवे ठिपके तरी उरतातच. कुठे चुकतंय?
– एक वाचक, कुडाळ

उत्तर : क्रम उलटा करा. शार्पनिंग म्हणजे कडेपाशी उजेड-अंधारातला फरक वाढवणं. मुकुटाची कड कुठली आणि नॉइजचा दाणा कुठला, हे त्याला कुठून कळणार? दोन्ही ठळक होतात. मग ते माजलेले दाणे मारायला तुम्ही नॉइज रिडक्शन जोरात ओढता आणि त्यात रंगवलेल्या चेहऱ्यावरच्या बारीक रेषा पुसल्या जातात. मेण तिथून आलं.

रॉ फाइल (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली मूळ फाइल) आहे असं धरतो. (नसेल तर पुढच्या जत्रेपासून रॉच काढा.) सावल्या किती उचलायच्या ते आधी ठरवा, कारण उचलल्या की नॉइज वर येतोच. लाल-हिरवे ठिपके हा कलर नॉइज; तो काढताना मागेपुढे पाहू नका, बारकावे फारसे जात नाहीत. लाइटरूम हा एडिटिंगचा प्रोग्रॅम रॉ फाइलला तो स्लायडर मुळात २५ वर ठेवतो, संकासुरासाठी मी ४०च्या पुढे नेईन. ल्युमिनन्सला (उजेड-अंधारातल्या दाण्याला) मात्र हात आखडता. रात्रीच्या दशावतारात थोडा दाणा दिसला तर मला तो आवडतोच.

लाइटरूममध्ये कुठला स्लायडर आधी ओढलात याने बिघडत नाही, प्रोग्रॅम आपला क्रम आपणच लावतो. फोटोशॉपच्या लेयर्सवर मात्र क्रम पाळायलाच हवा. आणि लाइटरूममध्ये २०२३ साली आलेलं एआय डिनॉइज वापरणार असाल, तर ते अगदी सुरुवातीला, डाग पुसण्याच्याही आधी.

आता शार्पनिंग. लाइटरूममध्ये ऑल्ट दाबून मास्किंगचा स्लायडर ओढा. चित्र काळं-पांढरं दिसेल. पांढरं असेल तिथेच शार्पनिंग लागतं. मागचा काळोख आणि गाल काळे पडेपर्यंत ओढत राहा. मुकुट, डोळे, दागिन्यांच्या कडा पांढऱ्या उरल्या की थांबा. शार्पनिंगचा शेवटचा हात प्रिंटच्या मापाला आणल्यावर, तोही कागद बघून : मॅट कागदावर शाई पसरते, तिथे थोडं जास्त चालतं.

आणखी एक. २४ मेगापिक्सेलची फाइल (लांबीला ६००० पिक्सेल) १८ इंचांवर छापली की इंचाला ३३३ पिक्सेल पडतात. स्क्रीनवर १०० टक्के झूम करून जो दाणा बघून तुम्ही घाबरता, तो कागदावर बराचसा दिसतच नाही.

प्रश्न : हेच फोटो फक्त इन्स्टाग्रामवर टाकायचे असतील तर?
– तेच वाचक

उत्तर : मग निम्मं काम वाचलं. ६००० पिक्सेलचा फोटो १०८० वर आणला की बराचसा नॉइज आपोआप विरतो. शार्पनिंग लहान केल्यानंतर, आणि हलकंच.